साल फेकताना हात अडखळतो

पत्र एका मैत्रिणीचं आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात सांगते. वय ३६, नोकरी करते, घरी नवरा, ७ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. चार-पाच महिन्यांपूर्वी ती मोबाईलवर काही व्हिडिओ बघायला लागली, सगळ्यांत एकच गोष्ट, की भाजीचं खरं पोषण सालात आणि पानात असतं आणि आपण नेमकं तेच कचऱ्यात टाकतो. तेव्हापासून तिला काही फेकवतच नाही. बटाटा, गाजर, काकडी सालासकट, फ्लॉवर आणि बीटची पानं भाजीत, कांद्याच्या सालांचं सूप, उरलेली सालं वाळवून पावडर आणि रोज सकाळी कच्च्या पानांचा हिरवा ज्यूस सगळ्यांना. सासूबाई म्हणतात सालावर फवारणीचं विष असतं, म्हणून त्या सगळ्याची जाड सालं काढतात, आणि भाज्या भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून देतात, त्यावरून रोज खटके. नवऱ्याला गॅसचा त्रास सुरू झालाय. सासऱ्यांना २ वर्षांपूर्वी मुतखडा झाला होता. मुलगी भाजी बघितली की उठूनच जाते. "ताई, मी घरच्यांच्या भल्यासाठीच करतेय ना? कचऱ्याचा डबा उघडला की औषध फेकून देतेय असं वाटतं. चूक माझी की सासूबाईंची?"

प्रिय मैत्रिणी,

तुला अगं-तुगं करतेय, चालेल ना. बाकीचं पत्र निवांत वाच पण एक गोष्ट आजच कर, सासऱ्यांचा हिरवा ज्यूस बंद कर. का ते पुढे सांगते, पण तेवढं आधी.

आता तुझा प्रश्न. चूक कोणाची ते मी ठरवणार नाही, कारण तुम्ही दोघी वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताय असं मला वाटतं. तू पानांबद्दल बरोबर आहेस. सासूबाई काही सालांबद्दल बरोबर आहेत. आणि व्हिडिओवाल्यांनी पान, देठ, साल, बी सगळं एकाच टोपलीत टाकून "फेकू नका" म्हणून सांगितलं, तिथे घोळ झालाय.

झाडाच्या बाजूने विचार करून बघ. पान हा झाडाचा कारखाना, ऊन घेऊन तिथे सगळं बनतं, त्यामुळे व्हिटॅमिन के, बीटा कॅरोटीन, फोलेट हे पानात भरपूर असतं. कंद किंवा मूळ म्हणजे गोदाम, तिथे साखर नाहीतर स्टार्च साठवलेलं असतं. आणि साल म्हणजे राखणदार. किडे, बुरशी, ऊन यांच्यापासून आतला माल वाचवायचा हे त्याचं काम, म्हणून त्यात फायबर असतं, आणि झाडाने स्वतःच्या बचावासाठी बनवलेली रसायनं पण असतात, त्यातली काही आपल्या फायद्याची, काही कडू आणि काही सरळ सरळ विषारी. हे एकदा डोक्यात बसलं ना की काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे बरंचसं आपलं आपल्यालाच कळायला लागतं.

बीटचंच घे. १०० ग्रॅम बीटच्या कंदात व्हिटॅमिन सी साधारण ५ मिलिग्रॅम, तेवढ्याच कच्च्या पानांत ३०. कॅल्शियम कंदात १६ मिलिग्रॅम, पानात ११७. लोह कंदात ०.८, पानात अडीचच्या पुढे. पोटॅशियम पानात दुपटीहून जास्त. आणि व्हिटॅमिन के तर कंदात जवळजवळ नाहीच, पानात ४०० मायक्रोग्रॅम, मोठ्या बाईला दिवसाला लागतं ९० च्या आसपास. म्हणजे आपण कंद आणतो आणि पानं बाजारातच मोडून टाकायला सांगतो, ती खरं तर एक स्वतंत्र पालेभाजीच आहे, कंदाबरोबर आलेली. मुळ्याच्या पानांचं तेच. फ्लॉवर आणि ब्रोकोलीच्या पानांचं तेच, ब्रोकोलीच्या पानात बीटा कॅरोटीन तुऱ्यापेक्षा जास्त असतं. गाजराचा पालाही खाता येतो, विषारी असतो असा समज आहे पण तो खरा नाही, थोडा कडसर लागतो एवढंच, कोथिंबिरीसारखा बारीक चिरून थोडा थोडा वापरायचा. कोबीची बाहेरची गडद हिरवी पानं आतल्या पांढऱ्या पानांपेक्षा उजवी, लीकचा (कांद्याच्या कुळातली, पातीसारखी लांबट भाजी) हिरवा शेंडा पांढऱ्या भागापेक्षा उजवा. जिथे हिरवं गडद आहे तिथे हात राखून फेक, इथे मी पूर्ण तुझ्या बाजूने आहे.

देठांचं पण सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे. ब्रोकोलीचा जाड दांडा लोक सरसकट टाकतात, वरचं दोरीसारखं साल तासून काढलं की आतला गर कोवळा, गोडसर असतो आणि व्हिटॅमिन सी तुऱ्याच्या बरोबरीने. कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्यांना पानांपेक्षा जास्त वास असतो. मशरूमचे देठ तर टाकायचं काही कारणच नाही, फक्त तळाचा माती लागलेला भाग काप.

सालांकडे येते, कारण भांडण तिथेच आहे तुमचं. गाजराचा एक अभ्यास आहे, त्यात असं दिसलं की साल गाजराच्या वजनाच्या फक्त ११ टक्के होतं पण गाजरातल्या एकूण फिनॉलिक द्रव्यांपैकी ५४ टक्के त्यात होती. ही द्रव्यं म्हणजे ते राखणदारीचं सामान, अँटिऑक्सिडंट म्हणून ज्याचं नाव आपण ऐकतो ते. आकडा भारी आहे, पण ज्यासाठी आपण गाजर खातो ते बीटा कॅरोटीन गरात भरपूर असतं, साल काढलं म्हणून गाजर पोकळ होत नाही. काकडीचं साल काढलं की १०० ग्रॅमला व्हिटॅमिन के १६ वरून ७ मायक्रोग्रॅमवर येतं, निम्म्याहून जास्त गेलं असं म्हणता येईल, पण मुळात ते १६ च होतं गं, बीटच्या चार पानांत त्याच्या कितीतरी पट मिळतं. बटाट्यात "सगळं सालातच असतं" हे मी इतक्या वेळा ऐकलंय. भाजलेल्या बटाट्यात सालासकट १०० ग्रॅमला फायबर २.२ ग्रॅमच्या आसपास, साल काढून दीड ग्रॅम. फरक आहे, चांगला फरक आहे, पण बटाट्यातलं बहुतेक व्हिटॅमिन सी आणि पोटॅशियम गरातच असतं, कारण बटाटा म्हणजे बहुतांश गरच.

इथे ते व्हिडिओ एक चलाखी करतात, कदाचित त्यांच्याही लक्षात येत नसेल. "१०० ग्रॅम सालात अमुक इतकं लोह" असं सांगतात. १०० ग्रॅम साल कोण खातं? तुझ्या घरातल्या एका माणसाच्या वाट्याला दिवसाला किती साल येतं, काही ग्रॅम. म्हणून कुठलाही आकडा ऐकलास की ताटात तो पदार्थ किती पडणार आहे हे आधी बघ. पानं या हिशोबात टिकतात कारण वाटीभर पानं माणूस सहज खातो. सालांची पावडर या हिशोबात मला टिकताना दिसत नाही, चमचाभर पावडरीसाठी तू वाळवणं, दळणं, चाळणं करतेयस, तो वेळ तुझा आहे आणि तू नोकरी करून हे करतेयस. मी तुझ्या जागी असते तर पावडर बंद केली असती, अजिबात वाईट न वाटून घेता.

कांद्याच्या सालांच्या सूपबद्दल पण असंच. कांद्यात क्वेरसेटिन नावाचं द्रव्य असतं आणि ते बाहेरच्या पाकळ्यांत जास्त असतं हे खरं आहे. त्याचा साधा उपयोग असा की कांदा सोलताना वरच्या कागदी सालाबरोबर एक-दोन रसरशीत पाकळ्या पण ओढून काढतो ना आपण घाईत, ते थांबवायचं. कोरडं साल उकळून रंग आणि थोडा स्वाद येतो, आवडत असेल तर कर, पण गाळून घेतल्यावर फायबर सगळं गाळणीत राहतं, त्यामुळे ते सूप म्हणजे टॉनिक आहे असं समजू नकोस. आणि सालावर काळी बुरशी दिसली की सरळ टाक, ती उकळत बसू नकोस.

सासूबाईंची भीती. ती खोटी नाहीये, हे आधी मान्य कर, त्यांच्यासमोर पण. फवारलेल्या औषधाचा काही भाग सालावर राहतो. पण त्यांचा उपाय अर्धाच चालतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर प्रयोग झाला होता, दोन औषधं लावून मग वेगवेगळ्या पाण्यात धुवून बघितलं. १ टक्का खायच्या सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटं ठेवल्यावर पृष्ठभागावरचं औषध निघालं, पण एका औषधाचा साधारण पाचवा भाग आधीच सालातून आत शिरला होता, तो धुवून जात नाही. आणि काही औषधं तर अशीच असतात की ती झाडातून आतून फिरतात, तिथे साल काढूनही पूर्ण सुटका नाही. म्हणून मधला मार्ग असा, सगळ्या भाज्या वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवायच्या, कंदमुळांना ब्रश लावायचा कारण त्यावर माती असते आणि मातीबरोबर नको ते पण येतं, आणि मग कोवळं पातळ साल असेल तर ठेवायचं, जाड किंवा मेण लावून चकचकीत केलेलं असेल तर काढायचं. साबण नको, भाजी तो शोषते. सासूबाईंना सुरीच्या ऐवजी चांगलं पीलर आणून दे, साल काढायचंच असेल तर पातळ निघेल, त्यांचं समाधान आणि तुझा गर दोन्ही वाचेल.

आता जे खरंच टाकायचं ते. बटाटा हिरवा पडला असेल किंवा मोड आले असतील तर तो हिरवा भाग आणि मोड खोलवर काढून टाक, खूपच हिरवा असेल तर अख्खा बटाटा टाक. त्यात सोलानिनसारखी विषारी द्रव्यं सालाजवळ आणि मोडांत जमतात आणि उकळून ती जात नाहीत. तू सगळं सालासकट करतेस म्हणून हे दोनदा सांगते. काकडी, दुधी, झुकिनी, भोपळा या कुळातलं काही जिभेला कडू लागलं तर थुंकून टाक आणि सगळी भाजी फेक, चव सुधारायला जाऊ नकोस, ती कडू चव क्युकर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याची असते आणि त्याने माणसं दवाखान्यात गेलेली आहेत. ज्यूसमध्ये हे कळत नाही कारण बाकीच्या चवींत ते लपतं, म्हणून आधी एक तुकडा चाखायचा. टोमॅटो, बटाटा, वांगं यांच्या झाडाची पानं भाजीत घ्यायची नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्नाची टंचाई होती तेव्हा रुबार्ब नावाच्या, आंबट देठांसाठी लावतात त्या झाडाची पानं भाजी म्हणून खा असं लोकांना सुचवलं गेलं, देठ खातात तर पान का नको या विचाराने, आणि त्यातून विषबाधा झाली, माणसं दगावली. हेतू तुझ्यासारखाच होता, काही वाया जाऊ नये.

त्या पानांत जे होतं त्यातलं एक म्हणजे ऑक्झलिक ॲसिड, आणि इथे तुझे सासरे येतात. मुतखड्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा, म्हणजे कॅल्शियम आणि हे ॲसिड जुळून झालेला खडा. पालक आणि बीटची पानं यांत ऑक्झलेट भरपूर असतं. शिजवलेली वाटीभर भाजी कधीतरी खाणं वेगळं आणि दोन मुठी कच्ची पानं मिक्सरमधून काढून रोज रिकाम्या पोटी पिणं वेगळं, ज्यूसमध्ये पानांचं प्रमाण नकळत खूप वाढतं. अशा ज्यूसमुळे किडनीला इजा झाल्याच्या केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. त्यांचा खडा कुठल्या प्रकारचा होता ते डॉक्टरांना विचारून घे, आणि तोवर त्यांना कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली या कुळातली पानं दे, त्यांत ऑक्झलेट बरंच कमी असतं. घरात कोणाला रक्त पातळ ठेवायची वॉरफेरीनची गोळी चालू असेल तर पानं एकदम वाढवायच्या आधी पण विचार, व्हिटॅमिन के आणि त्या गोळीचं गणित जमवलेलं असतं.

आणि वर मी बीटच्या पानांच्या कॅल्शियमचं कौतुक केलं ना, त्यालाही एक पुरवणी. पानात आहे म्हणजे अंगाला लागतं असं नाही. पालकातल्या कॅल्शियमपैकी शरीर जेमतेम ५ टक्के घेतं, दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास, कारण पालकात ऑक्झलेटने ते बांधून ठेवलेलं असतं. बीटच्या पानांतही ऑक्झलेट भरपूर, त्यामुळे कॅल्शियमसाठी त्यांच्यावर भिस्त ठेवू नकोस. केलसारख्या कोबीच्या कुळातल्या पानातलं कॅल्शियम मात्र छान लागतं. लोहाचं असं की भाजीतलं लोह शरीर कमीच घेतं, वरून लिंबू पिळलं की जास्त घेतं.

सासूबाई उकडून पाणी ओततात म्हणालीस. गंमत बघ, इथे त्या एका ठिकाणी तुझ्यापेक्षा बरोबर आहेत. पालक आणि बीटची पानं भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकलं की विरघळणारं ऑक्झलेट बरंच निघून जातं, आणि व्हिटॅमिन के, बीटा कॅरोटीन पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ते पानातच राहतं, मग थोड्या तेलावर परतलं की अंगाला पण लागतं. पण फ्लॉवर, गाजर, बीन्स यांचं पाणी ओतलं की व्हिटॅमिन सी, फोलेट, पोटॅशियम सिंकमध्ये जातं, आणि तुझ्या घरात रोज जे सगळ्यात जास्त वाया जातंय ते मला सालांपेक्षा हे पाणी वाटतं. त्या भाज्या कमी पाण्यात झाकून शिजवा, किंवा ते पाणी डाळीत, सूपमध्ये घाला. हा विषय काढशील तेव्हा आधी "बीटच्या पानांचं तुमचं बरोबर होतं" तिथून सुरुवात कर, खरंच आहे ते.

नवऱ्याच्या गॅसवर मोठं काही नाही. दिवसाला निदान २५ ग्रॅम फायबर असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, पण तू बहुतेक एका आठवड्यात तिथे उडी मारलीस, आतड्यांतल्या जिवाणूंना सवय व्हायला वेळ लागतो. कच्चे ज्यूस बंद, देठ नीट शिजवून, सालं एका वेळी एकाच भाजीची, पाणी जास्त, आणि दोन-तीन आठवड्यांनी थोडं वाढव. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

लेकीबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटलं, कारण बाकी सगळं सुधारता येईल पण भाजी म्हणजे शिक्षा हे तिच्या डोक्यात बसलं तर ते निघायला वर्षं जातात. मुलांना कडू चव आपल्यापेक्षा जास्त बोचते, आणि पानं, सालं यांत कडवटपणाच असतो, ती हट्टी नाहीये. तिच्यापुरतं गाजर सोल, काकडी सोल, खाऊ दे. सोललेलं गाजर जे पोटात गेलं ते सालासकट गाजर जे ताटात राहिलं त्याच्यापेक्षा कधीही चांगलं. नवीन काही द्यायचं तर ब्रोकोलीच्या दांड्याच्या आतल्या गोड भागाच्या कांड्या दे, एकच कांडी, खाल्ली तर खाल्ली. नवीन चव पचायला मुलांना १०-१५ वेळा समोर यावी लागते कधीकधी, न रागावता. भोपळा आणलास तर बिया धुवून, वाळवून, भाजून तिला सोलायला बसव, आतल्या गरात १०० ग्रॅमला ३० ग्रॅम प्रोटीन आणि जवळजवळ ६०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, फेकल्या जाणाऱ्या गोष्टींत मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती याच बियांची.

राहिलं ते अपराधीपण. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने २०२४ मध्ये अहवाल दिला, २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. हे आकडे ऐकून पोटात खड्डा पडतो, मला पण पडतो. पण त्या मोजणीत सालं, हाडं असं न खायचं पण धरलेलं असतं, कांद्याचं कोरडं साल टाकणं आणि फ्रीजच्या तळाशी अख्खी काकडी सडू देणं या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तुला मनाला लावून घ्यायचंच असेल तर ती काकडी लावून घे. सालं कंपोस्टमध्ये टाक, एका कुंडीतही जमतं, त्यातलं पोटॅशियम वगैरे मातीत जातं आणि डबा उघडताना तुला औषध फेकल्यासारखं वाटणार नाही.

एक शेवटचं बारीकसं, जे मला स्वतःला खूप उशिरा कळलं. बीट, मुळा, गाजर पाल्यासकट आणलंस की घरी आल्या आल्या पाला कापून वेगळा कर, बोटभर देठ कंदाला राहू दे. पाला तसाच ठेवला तर तो कंदातलं पाणी ओढत राहतो, कंद मऊ पडतो आणि पालाही सुकतो. पाला कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव. कंद आठवडाभर निवांत थांबतील, त्यांची घाई नाही.

तुझी,
ताई